एकसष्ट मायक्रोसेकंदांची मुदत

यंत्राने निर्माण केलेल्या स्वराविषयी आपल्याकडे परस्परविरुद्ध अशा दोन समजुती सारख्याच दृढमूल झालेल्या आढळतात. विद्युत्‌यंत्रातून निघणारा स्वर मुळातच निर्जीव असतो, ही गायक-वादकांच्या वर्तुळातली एक. आणि आजची गणकयंत्रे इतकी शीघ्र झाली आहेत की त्यांना कोणताच नाद असाध्य उरलेला नाही, ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांतली दुसरी. या दोहोंची परीक्षा घेण्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठोर साधन मला विचाराल, तर ते मायक्रोकंट्रोलर होय. गणना करणारा भाग, कामापुरती स्मृती, आज्ञावली साठवण्याची जागा आणि बाहेरच्या जगाशी देवघेव करणाऱ्या पिना, असा सगळा प्रपंच नखाएवढ्या एकाच चिपेत मांडलेला हा प्राणी वस्तुतः कपडे धुण्याच्या यंत्रात, विजेच्या मीटरमध्ये आणि मोटारीच्या इंजिनात निमूटपणे चाकरी करण्यासाठी घडवलेला आहे. त्याला गायला लावणे हा त्याच्या नेमणुकीबाहेरचा हुकूम. पण गेल्या वीस वर्षांत जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक कारागिरांनी तो हुकूम त्याच्याकडून बजावून घेतला आहे, आणि त्यातून जे हाती आले ते तंत्रज्ञ आणि संगीतज्ञ या दोघांनीही मनावर घ्यावे इतके मोलाचे आहे.

कसोटीला वाद्य निवडायचे तर मी तंबोरा निवडतो. त्यात द्रुत ताना नाहीत, पट्ट्या नाहीत, मुरकी-खटका नाही. चार तारा एकामागून एक छेडत राहायच्या, एवढेच. वरकरणी यासारखे सोपे दुसरे काही नसावे, आणि प्रत्यक्षात यासारखे अवघड दुसरे काही नाही. कारण ज्या वाद्यात करण्यासारखे काही नसते, त्यात जे काही असते ते सर्व नादातच असते. काळी एक पट्टी धरली, तर पुरुष गायकाच्या तंबोऱ्यात जोडाच्या दोन तारा १३८.६ हर्ट्‌झवर, खर्ज त्याच्या निम्म्यावर म्हणजे ६९.३ वर आणि पंचम खर्जाच्या दीडपट म्हणजे १०३.९ वर येतो. विद्युत्‌तंबोरा आपल्याला नवा नाही. बासरीवादक आणि अभियंते असलेल्या बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली तो प्रथम सिद्ध केला आणि तेव्हापासून तो रियाजाच्या खोल्यांतून स्थिरावला आहे. येथे प्रश्न वेगळा आहे: तारेचा नाद आधी मुद्रित करून न ठेवता, क्षणोक्षणी गणित करून तो उत्पन्न करायचा म्हटले, तर ही लहानशी चिप कोठवर साथ देते?

गणिताने ध्वनी उत्पन्न करण्याची परंपरा १९५७ पासूनची. त्या वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या खोलीभर पसरलेल्या यंत्राकडून सतरा सेकंदांची एक रचना वदवून घेतली. त्या यंत्राला घाई नव्हती. गणित सावकाश करावे, उत्तरे फितीवर उतरवावीत आणि मग ती फीत वाजवावी, असा तो कारभार होता. वाद्याला ही सवड नसते. बोट पडताच स्वर निघाला पाहिजे. १९८३ साली यामाहा कंपनीने बाजारात आणलेल्या आणि पुढे जगभरच्या चित्रपटगीतांतून ऐकू आलेल्या डीएक्स-७ या सिंथेसायझरातसुद्धा सर्वसाधारण गणकचिपेकडे पट्ट्या आणि बटणे यांवर नजर ठेवण्याचे काम तेवढे होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या कंप्रता-अधिमिश्रणाच्या रीतीने प्रत्यक्ष नाद घडवणाऱ्या चिपा कंपनीने मुद्दाम वेगळ्या तयार करवून घेतल्या होत्या. जे काम त्या खास चिपांचे होते, ते आज सामान्य मायक्रोकंट्रोलरवर सोपवता येते का, हा आपल्या विषयाचा गाभा.

प्रारंभ सर्वांत धाकट्यापासून करू. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून सर्वत्र दिसणाऱ्या अर्डुइनो उनो या फलकावर अ‍ॅटमेगा ३२८पी नावाचा आठ अंकी (येथे अंक म्हणजे बिट) मायक्रोकंट्रोलर असतो. सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके हा त्याचा वेग, ३२ किलोबाइट ही आज्ञावलीची जागा आणि अवघी २ किलोबाइट ही कामाची स्मृती. टिम बॅरास यांनी या फलकासाठी लिहिलेली मोझी ही मुक्त संहितावली सेकंदाला १६,३८४ नमुने या गतीने ध्वनी उत्पन्न करते. याचा अर्थ असा की दर ६१ मायक्रोसेकंदांनी एक नवी संख्या बाहेर पडलीच पाहिजे आणि ती सिद्ध करण्यासाठी ९७६ ठोके मिळतात. ही मुदत वाढवून मिळत नाही. पत्र लिहिण्याच्या आज्ञावलीला क्षणभर विलंब झाला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. येथे एक मुदत चुकली की कानात काटा टोचल्यासारखी खरखर होते, आणि बाकीच्या सोळा हजार मुदती पाळल्याचे श्रेय कोणी देत नाही.

या ९७६ ठोक्यांचा जमाखर्च मांडून पाहिल्याशिवाय मर्यादा म्हणजे काय ते उमगत नाही. आठ अंकी दोन संख्यांच्या गुणाकाराला दोन ठोके लागतात. सोळा अंकी संख्यांचा गुणाकार तुकडे पाडून करावा लागत असल्याने त्याला वीसएक. आणि अपूर्णांकांचा गुणाकार, त्यासाठी चिपेत सोयच नसल्यामुळे, शंभराच्या घरात जातो. भागाकार तर टाळलेलाच बरा. म्हणून जाणता कारागीर ज्या वक्राची गरज आहे त्याचे कोष्टक आधीच साठवून ठेवतो आणि मुदतीच्या आत केवळ त्यातला उतारा काढतो. खर्च प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याची एक जुनी युक्ती आहे: गणित सुरू होताच एक मोकळी पिन वर करायची, संपताच खाली आणायची आणि ती ऑसिलोस्कोपला जोडायची. पडद्यावर चौकोनांची रांग उमटते. चौकोनाची रुंदी म्हणजे खर्च, दोन चौकोनांमधली फट म्हणजे शिल्लक. एक तार वाढवली की चौकोन रुंदावतो, आणखी एक वाढवली की फट आक्रसते, आणि ती मिटली रे मिटली की ध्वनी फाटतो. नवशिक्याचा घात बहुधा आवाजाच्या बटणापाशी होतो. बटणाची स्थिती वाचण्याच्या नेहमीच्या आज्ञेला या चिपेवर शंभराहून अधिक मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे मुदत ६१ ची आणि नुसती विचारपूस शंभरावर! तेव्हा प्रश्न टाकून पुढे निघून जायचे आणि उत्तर सवडीने उचलायचे, ही शिस्त अंगी बाणवावी लागते.

स्वर किती नेमका लागतो, हा गायकाचा पहिला प्रश्न असेल, आणि तो रास्तही आहे. कोष्टकात किती वेगाने पुढे सरकायचे ते एका संचयी संख्येवर ठरते. ती सोळा अंकी ठेवली तर दोन लगतच्या कंप्रतांमध्ये पाव हर्ट्‌झाचे अंतर राहते, आणि खर्जाच्या ६९.३ हर्ट्‌झपाशी पाव हर्ट्‌झ म्हणजे सहा सेंट. अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर त्यांतला एक भाग म्हणजे सेंट. सहा सेंटांचे अंतर तयार कानाला तंबोऱ्यात खपत नाही. तीच संख्या बत्तीस अंकी केली, की हे अंतर हर्ट्‌झाच्या दहा लाखांशाच्या पातळीवर उतरते आणि प्रश्नच मिटतो. शिवाय येथे समविभाजित सप्तकाचे बंधन नाही. पंचम अगदी शुद्ध ३:२ च्या प्रमाणात ठेवता येतो, जे पेटीला साधत नाही. मात्र एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सगळ्या गणिताचा पाया असलेला ठोका ज्या घटकातून येतो, तो उनोच्या मूळ फलकावर मृत्तिकेचा अनुनादक असून त्यात अर्ध्या टक्क्याची चूक संभवते, आणि अर्धा टक्का म्हणजे साडेआठ सेंटांहून थोडा अधिक. चारही तारा एकदमच सरकत असल्याने तंबोरा स्वतःशी सुरात राहतो, पण शेजारच्या पेटीशी जुळत नाही. चिपेतल्या अंतर्गत ठोक्यावर विसंबलात तर चूक दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे दीड अर्धस्वराहूनही अधिक. काही रुपयांचा स्फटिक बसवला की हे संकट टळते. संगीताच्या कामात ही काटकसर करू नये.

नमुन्यांच्या गतीने घातलेली मर्यादा मात्र विकत घेऊन टळणारी नाही. सेकंदाला १६,३८४ नमुने असतील तर ८,१९२ हर्ट्‌झच्या वरचा कोणताही अंश शुद्ध रूपात मांडता येत नाही, आणि तो मांडला गेलाच तर नाहीसा न होता आरशातून उलटल्याप्रमाणे खाली परततो. १,००० हर्ट्‌झची करवती तरंगरेषा घ्या: तिचा नववा स्वरांश ९,००० वर हवा, तो ७,३८४ वर येऊन बसतो, दहावा १०,००० ऐवजी ६,३८४ वर. या कंप्रतांचा मूळ स्वराशी काडीचाही संबंध नसतो. स्वर वर चढत असताना हे आगंतुक खाली उतरत जातात, आणि यंत्राचा आवाज ‘पत्र्यासारखा’ का लागतो याचे कारण पुष्कळदा हेच, एलियसिंग, असते. यावर उपाय आहेत. तरंगरेषेच्या कड्यावर बहुपदीने केलेली डागडुजी फार महाग पडत नाही. पण लहान चिपेवर तीही जमाखर्चात मांडूनच घ्यावी लागते.

आता तारेकडे वळू. १९८३ साली केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी छेडलेल्या तारेचा नाद उत्पन्न करण्याची एक रीत प्रसिद्ध केली, आणि अल्प सामग्रीत मोठे काम साधण्याचे याहून सुंदर उदाहरण मला तरी ठाऊक नाही. स्मृतीतल्या काही घरांची एक माळ घ्यायची, रहाटाच्या पोहऱ्यांसारखी. ती यादृच्छिक संख्यांनी भरायची, हाच तारेवरचा आघात. आणि मग ती फिरवत ठेवायची. वर आलेले घर ध्वनी म्हणून ओतायचे आणि त्याची व पुढच्या घराची सरासरी काढून ती पुन्हा माळेत सोडायची. सरासरीमुळे दर फेऱ्यात उंच स्वरांश झिजत जातात, खालचे टिकून राहतात, आणि काही क्षणांतच त्या अर्थहीन गोंगाटातून छेडलेल्या तारेचा ओळखीचा नाद उमटतो. गुणाकार एकही नाही. एक बेरीज आणि एका अंकाचे सरकवणे, एवढ्यावर तार वाजते.

परंतु जागा लागते. माळेची लांबी म्हणजे एका आवर्तनातले नमुने. ध्वनिमुद्रिकांच्या ४४,१०० या गतीने चालायचे म्हटले तर पंचमाला ४२४ घरे, जोडाच्या दोन तारांना प्रत्येकी ३१८ आणि खर्जाला ६३६, एकूण १,६९६. प्रत्येक घर दोन बाइटांचे धरले तर ३,३९२ बाइट. उनोची सारी स्मृती २,०४८ बाइटांची! तंबोरा दारातच अडतो. गती १६,३८४ वर उतरवली की मागणी सुमारे १,२६० बाइटांवर येते आणि चार तारा कशाबशा मावतात. पण मग सुराचा प्रश्न दुसऱ्या वाटेने परत येतो, कारण माळेत अर्धे घर ठेवता येत नाही. जोडाच्या तारेला ११८ घरे घेतली, तर सरासरीमुळे येणारा अर्ध्या नमुन्याचा विलंब धरून तार चार सेंट उतरते. ११७ घेतली तर दहा सेंटांहून अधिक चढते. मधला स्वर उपलब्धच नाही. हीच तार दोन सप्तके वर नेली तर एका घराची उडी ५८ सेंटांची पडते. ८१:८० या गुणोत्तराची श्रुती साडेएकवीस सेंटांची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उडी केवढी अमानुष आहे ते कळेल. डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी त्याच वर्षी यावर उपाय सुचवला: माळेत एक अशी गाळणी बसवायची की जी स्वरांशांची उंची न बदलता केवळ अपूर्णांकाएवढा विलंब घालते. तार सुरात येते, पण त्यासाठी दर नमुन्याला एक खरा गुणाकार भरावा लागतो. संश्लेषणातली बहुतेक तत्त्वे ही अशी, वेळ देऊन जागा आणि जागा देऊन वेळ सोडवून घेण्याची आहेत.

शेवटी राहते बाहेर पडण्याची वाट. उनोत संख्येचे विजेच्या दाबात रूपांतर करणारी सोय नाही. पिन अतिवेगाने चालू-बंद करून, चालू राहण्याचे प्रमाण बदलून, एक रोधक आणि एक धारित्र यांच्या गाळणीतून तो दाब काढावा लागतो. आठ अंकांची ही वाट जेमतेम पन्नास डेसिबेलांचा पल्ला देते. नगाऱ्यासारख्या नादाला तेवढे पुरते. तंबोऱ्याचे सारे सौंदर्य मात्र आस विरत जाण्यात आहे, आणि नाद ३६ डेसिबेल खाली आला की आठांपैकी दोनच अंक शिल्लक उरतात, म्हणजे चार पायऱ्या. जेथे तार सर्वांत तरल व्हावी तेथेच ती किरकिरते. दोन पिना जोडून चौदा अंकांपर्यंत जाण्याचा मार्ग मोझीमध्ये आहे आणि तो पत्करावा. पण बाहेरची सोळा किंवा अधिक अंकांची रूपांतरचिप जोडणे हेच राजमार्गाचे.

इतक्या अपुऱ्या सामग्रीतूनही उत्तम वाद्ये घडली आहेत, आणि ती मर्यादा ओळखून घडली आहेत. फ्रान्समधील एमिली जिले यांच्या म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स या संस्थेचे ‘श्रुती-१’ हे २०१० मधले वाद्य अ‍ॅटमेगा ६४४पी या आठ अंकी चिपेवर चालते. तिचा वेग सेकंदाला दोन कोटी ठोके आणि नमुने ३९,०६२.५, म्हणजे प्रत्येक नमुन्याला बरोबर ५१२ ठोके. अशा चिपेवर चांगली गाळणी बसवणे कष्टाचे. म्हणून स्वर गणिताने घडवायचा आणि त्याची गाळणी जुन्या पद्धतीच्या सलग विद्युत्‌मंडलाकडे सोपवायची, अशी कामाची वाटणी त्यांनी केली. ‘अंबिका’ या पुढच्या वाद्यात सहा आवाजांसाठी सहा वेगळ्या पाट्या असून प्रत्येक पाटीवर उनोतलाच तो अ‍ॅटमेगा ३२८पी बसवलेला आहे. पुढे ‘ब्रेड्स’मध्ये त्यांनी बत्तीस अंकी चिप घेतली आणि सेकंदाला ९६,००० नमुन्यांची गती गाठली. संस्थेने २०२२ साली काम थांबवले, परंतु संहिता खुली ठेवली आहे. ज्याला हे शास्त्र शिकायचे आहे त्याने ती वाचावी, इतकी ती स्वच्छ लिहिलेली आहे.

मोठ्या चिपांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे अडचणी विरळ होत जातात. २०२१ च्या जानेवारीत आलेल्या आणि चार डॉलरला विकल्या गेलेल्या रास्पबेरी पाय पिकोत १३३ मेगाहर्ट्‌झची दोन गणनकेंद्रे आणि २६४ किलोबाइट स्मृती आहे. ४४,१०० च्या गतीने प्रत्येक केंद्राला नमुन्यागणिक तीन हजारांवर ठोके मिळतात. अपूर्णांकांची यांत्रिक सोय मात्र तीत नाही. टीन्सी ४.० या फलकामध्ये ६०० मेगाहर्ट्‌झ म्हणजे नमुन्याला तेरा हजार सहाशे ठोके, आणि अपूर्णांकांचे गणितही चिपेतच. डीएक्स-७ च्या सोळा आवाजांत प्रत्येकी सहा, असे एकूण शहाण्णव आंदोलक असतात. टीन्सीवर प्रत्येकाच्या वाट्याला १४१ ठोके येतात, आणि म्हणूनच एकेकाळी खास चिपांची मक्तेदारी असलेले ते वाद्य आज तिच्यावर प्रत्यक्षात वाजते. डेझी या फलकावर ६४ मेगाबाइट जादा स्मृती असल्याने सभागृहाच्या निनादासारखे जागाखाऊ परिणामही आटोक्यात येतात. या श्रीमंतीतही गाफील राहून चालत नाही. ज्या चिपांत एकेरी अचूकतेच्याच अपूर्णांकांची सोय असते, तेथे संख्येपुढे ‘एफ’ हे एक अक्षर लिहायचे राहिले तर गणित गुपचूप दुहेरी अचूकतेच्या सावकाश वाटेला लागते, आणि वेग कोठे गेला हे शोधण्यात रात्र सरते.

मग तंबोरा साधला का? तार साधली, पण घोडीवरच्या स्पर्शातून तारेला येणारी गुंजार, म्हणजे जवारी, साधलेली नाही. घोडीचा माथा सपाट नसून किंचित वक्र असतो आणि तारेखाली सूत सारून तिचा स्पर्श इतका अलगद केला जातो, की दर कंपनागणिक तार त्या वक्रावर टेकत-उठत राहते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोरा यांच्या अभ्यासात दाखवून दिले, की तार जेथे छेडल्यावर शास्त्राप्रमाणे विशिष्ट स्वरांश उमटूच नये, तेथे छेडूनही तो या घोडीमुळे स्पष्ट ऐकू येतो. उंच स्वरांशांना दर क्षणी नवी शक्ती मिळत राहते. कार्प्लस-स्ट्राँगच्या माळेत नेमके उलटे घडते, तेथे उंच स्वरांश सर्वांत आधी मरतात. ही टेक-ऊठ गणितात आणायची तर तार आणि घोडी यांची टक्कर दर नमुन्याला सोडवावी लागते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली तत्काल वाजू शकेल अशा दृष्टीने रचलेले तंबोऱ्याचे गणिती प्रतिमान मांडले. पण त्याचे ओझे उनोवर टाकणे अशक्यच, आणि मोठ्या मायक्रोकंट्रोलरवरही ते पुष्कळ काटछाट करूनच टाकता येईल. दुसरी वाट स्वरांश एकेक करून रचण्याची: चार तारांना वीस-वीस धरले तरी ऐंशी. उनोवर प्रत्येकाला बारा ठोके, म्हणजे काहीच नाही. पिकोवर एका केंद्राचे सदतीस, म्हणजे ओढाताण. टीन्सीवर एकशे सत्तर, म्हणजे ऐसपैस. तेव्हा अडचण आता ठोक्यांची राहिलेली नाही. प्रत्येक स्वरांशाने केव्हा उमलावे आणि केव्हा मिटावे, हे सांगणारे मोजमाप आपल्यापाशी नाही, ही खरी उणीव आहे.

ते मोजमाप कोठे आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. घोडी घासून जवारी लावणाऱ्यांची घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, आणि त्यांच्या हातांना जे कळते ते कोणत्याही संहितेत अद्याप उतरलेले नाही. सांगली, कोल्हापूर, पुणे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी शेकडो विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांना माझी कळकळीची विनंती अशी, की एक पिको, एक सोळा अंकी रूपांतरचिप आणि एक चांगला ध्वनिग्राहक घेऊन त्यांनी मिरजेला जावे. एकच तार, सूत लावण्याआधी आणि लावल्यानंतर, घोडीच्या प्रत्येक घासणीगणिक मुद्रित करावी. कारागिराने ‘आता उघडली’ म्हटले त्या क्षणीचे स्वरांश मोजावेत. त्या कारागिराचे नाव आणि मोबदला दोन्ही प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहावेत. आणि निघालेली कोष्टके सर्वांसाठी खुली ठेवावीत. चिप आज तयार आहे आणि ती पाच-सातशे रुपयांच्या आत मिळते.